एका जीपची आठ चाकं

भोकरदनच्या स्टँडवर एक काळ असा होता, की दिवस कलला म्हणजे माणसं एसटी चुकली तरी चालेल म्हणून रखमाजीच्या हॉटेलासमोर रेंगाळायची. तमाशा मोठा नसायचा. दोन माणसं आपल्या जीपची चारही चाकं काढायची आणि दुसरी चार चढवायची, बस्स. पंक्चर नाही, बिघाड नाही, टायर झिजलेले नाहीत. आज ही चार, उद्या ती चार, परवा पुन्हा ही चार. नवखा माणूस विचारायचाच, "काहो, हे काय चाललंय?" आणि रखमाजी भजी तळता तळता सांगायचा, "काई न्हाई, भांडण चालू हाये त्यांचं."

आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. काचेचं, आत पंखा, बाहेर खुर्च्या. तरी धर्मराज तिथून जाताना चाल मंद करतो. त्याला तिथं डिझेलचा आणि तळणाच्या तेलाचा मिसळलेला वास येतो. तिथं आता दोन्ही नाही, पण येतो म्हणजे येतो, त्याला कोण काय करणार!

जीप घेतली अठ्ठ्याऐंशी साली. धर्मराज आणि संपत शाळेपासूनचे दोस्त. धर्मराजचं घर गावात, मारुतीच्या पाराजवळ. संपतचं ओढ्यापलीकडं, बुद्धविहाराला लागून. दोघांनी मिळून मॅट्रिकला गटांगळ्या खाल्ल्या, दोघं मिळून गाडी चालवायला शिकले, आणि दोघांनी मिळून एका कंत्राटदाराची जुनी जीप उचलली. एक दिवस धर्मराज चालवणार, एक दिवस संपत. आपला दिवस नसेल तेव्हा आपलं शेत बघायचं. डिझेल मात्र सामायिक.

टाकी होती ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि तिचा काटा कंत्राटदाराच्या हातातच मेला होता. म्हणून संपतनं वेळूची एक कांडी तासून ठेवली होती. संध्याकाळी गाडी एकानं दुसऱ्याच्या हवाली करायची तेव्हा ती टाकीत बुडवायची आणि ओल कुठवर उतरली ते बोटं लावून बघायचं. "आज तीन बोटं प्याली बरं का," असं म्हणायचं, आणि मग रखमाजीच्या बाकावर बसून चहा. ज्याच्या दिवशी गाडी जास्ती प्यायली त्याची दुसऱ्यानं मनसोक्त खेचायची. काय दिवस होते! डिझेल कमी जळलं तरी चहा, जास्ती जळलं तरी चहा.

धर्मराजचा रस्ता जाफराबादचा, सगळा डांबरी. संपतचा आतला, सावंगीकडचा, निव्वळ काळ्या मातीचा. त्या भागात त्याचे पाहुणे होते, चांगली उठबस होती, म्हणून तो तिकडं जायचा. उन्हाळ्यात धूळ खायची आणि पावसाळ्यात माणसांनी उतरून ढकलायचं, अशी त्या रस्त्याची रीत. ब्याण्णवच्या पावसाळ्यात बाजाराच्या दिवशी जीप अशी काही रुतली, की मागचं चाक जागेवरच गरगरा फिरायला लागलं. ढकलताना सोनूबाई नावाची म्हातारी चिखलात आपटली आणि तिचं मनगट मोडलं. म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उलट म्हणाली, "तुझा काय दोष बाबा, मातीच तशी." संपतला ते फार लागलं.

दुसऱ्याच आठवड्यात तो जालन्याच्या भंगारवाल्याकडून रिमसकट चार चाकं घेऊन आला. कुठल्यातरी मोठ्या गाडीची होती. उंच, रुंद, ट्रॅक्टरच्या टायरसारखी खोल नक्षी. ती बसावीत म्हणून मडगार्डचा पत्रा ठोकून वर करावा लागला.

"ही चाकं हायेत का दळायची जाती?" धर्मराज पोट धरून हसला.

"चिखलात बघ मंग. हत्ती चालल्यावानी चालंल."

"चिखलात चालंल रे, पण डांबरावर? दिवसभर घूं घूं करत बसंल, अन् डिझेल पिईल ते येगळंच. जड चाक वढायला ताकद लागती का न्हाई? मी न्हाई लावणार बिलकुल."

"नको लावू. माझ्या दिवशी माझी, तुझ्या दिवशी तुझी. हाये काय त्यात?"

अशी झाली सुरुवात. चाकं बदलणं म्हणजे तेव्हा खेळच होता. एकानं जॅक लावायचा, दुसऱ्यानं नट सोडायचे. ती जड चाकं दोघांनी मिळून उचलायची, आणि भोक नटाला जुळेना की एकमेकांच्या आयाबहिणींची आठवण काढायची. उरलेली चार चाकं रखमाजीच्या हॉटेलामागच्या खोलीत जायची. रखमाजी म्हणायचा, "लोकं बायका बदलत न्हाईत इतक्यांदा, तुम्ही चाकं बदलता!"

बिघडलं ते पुढच्या वर्षी. धर्मराजला मीटर बघायची सवय होती, काही कारण नसताना, जशी एखाद्याला घड्याळ बघायची असते तशी. त्याच्या ध्यानात आलं, की संपतच्या दिवशी कांडी पाच-पाच बोटं उतरते, आणि मीटरवर मात्र गाडी कमी पळालेली दिसते. सावंगीच्या खेपा तर तेवढ्याच. त्यानं मनातून झटकलं. पण त्याचा मेहुणा अप्पाराव स्टँडवरच असायचा, त्याचीही जीप होती, आणि दुसऱ्याच्या गाडीत डोकावायची त्याला भारी खोड. तो म्हणाला, "गाडी कमी पळती अन् डिझेल जास्ती जातंय. आता ह्याचा अर्थ काय, ते मी सांगायला पायजे का दाजी?"

झालं. माणसाच्या मनात एकदा किडा वळवळला की तो गप्प बसत नाही. एका संध्याकाळी, स्टँड गच्च भरलेलं असताना, कांडीवरची ओल बघून धर्मराज म्हणाला, "संपत, खरं सांग. राह्यलेलं डिझेल जातं कुठं?"

संपतला आधी मस्करीच वाटली. "चिखलात जातं. तूच म्हणला व्हतास ना, जड चाकं पित्यात म्हणून."

"डिझेल चिखलात गेलं, मान्य. पण मीटर कमी काहून पडतं? मीटर बी चिखलात जातं का?"

"आता ते मला काय माहीत? खेपा तेवढ्याच मारल्या."

"मंग बाटल्या भरून इकून राह्यला का कुठं?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. दोस्तीत माणूस चोर म्हणतो, दुसरा त्याला दोन शिव्या हासडतो, आणि संपतं. पण आजूबाजूला माणसं जमली होती, अप्पाराव मान डोलवत होता, आणि धर्मराजच्या तोंडून ते निघून गेलं: "तुम्हा लोकांचं हेच हाये. जवळ करावं, तर..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती. संपतनं हातातला पाना बॉनेटवर ठेवला, हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "हे तू न्हाई बोल्ला, धर्मा. हे गाव बोल्लं." आणि चालू लागला.

गाडी विकून मोकळं होणं दोघांनाही परवडण्यासारखं नव्हतं. दोन्ही घरांची चूल तिच्यावर पेटत होती. बोलणं बंद झालं, जीप चालू राहिली. धर्मराजनं मग चाकं एकट्यानंच बदलायचा घाट घातला, तर जॅक घसरून जीप त्याच्या पायाशेजारी धाडकन बसली. रखमाजी झारा हातात घेऊनच धावत आला. "हे बघा, भांडा न्हाईतर एकमेकांचे गळे दाबा. पण माझ्या हॉटेलासमोर एकट्यानं गाडीखाली जायचं न्हाई. मला दिवेलागणीच्या पारी मढं नको दारात. दोघं असाल तर बदला, न्हाईतर चाकं घेऊन जा इथून!"

म्हणून दोघं यायचे. यायचे आणि मुक्यानं काम करायचे. जॅक, नट, उचल, सोड. चहा बंद, बाक बंद. स्टँडला तेवढा तमाशा मिळाला.

आणि गंमत अशी, की न बोलता का होईना, धर्मराजला संपतचं सगळं कळायचं. त्याचा खोकला वाढला ते कळलं, चष्मा लागला ते कळलं. एका संध्याकाळी चाक उचलताना बघतो तर संपतच्या नखांत हळद. संपतच्या पोरीची, बेबीनंदाची हळद! जीप घेतली तेव्हा ती पोरगी दहा-अकरा वर्षांची, धर्मराजच्या मांडीवर बसून स्टेअरिंग फिरवायची, आणि "काका, जल्दी जल्दी" म्हणून ओरडायची. तिचं लग्न लागलं आणि त्याला ते नखांवरून कळलं. त्या दिवशी तो घरी जाऊन जेवलाच नाही. द्वारकाबाई, त्याची बायको, म्हणाली, "एवढं जिवाला लागतंय तर जाऊन बोला की." तो म्हणाला, "चोरी त्यानं केली, मी काहून बोलू?" पण तसं म्हणताना त्याचं त्यालाच ते पटत नव्हतं.

मग पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात जॅकनं दगा दिला. त्याचा दात तुटला, तोही संपतची चाकं चढलेली असताना. दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते. दुसरा दिवस धर्मराजचा. करतो काय, निघाला तसाच, ती जात्यांसारखी चाकं लावून जाफराबादला. दिवसभर नुसती घूं घूं.

जाफराबादच्या स्टँडवर त्यानं सवयीनं मीटर बघितलं आणि पुन्हा बघितलं. हा रस्ता तो वर्षानुवर्षं चालवत होता. मीटरवर किती पडतं ते त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. आज चांगलं दीड-दोन किलोमीटर कमी पडलं होतं. रस्ता काय रातोरात आखूड झाला? परतीलाही तेच. मध्येच त्यानं एका बाभळीखाली जीप लावली, प्रवासी ओरडत असताना खाली उतरला आणि चाकापुढं उकिडवा बसला. टपावर गाठोडी बांधायची दोरी होती, ती त्यानं चाकाभोवती गुंडाळून बघितली. मग जीपच्या मागं टांगलेली, त्याच्या लहान चाकांच्या मापाची स्टेपनी होती, तिच्याभोवती गुंडाळली. दोरी वीतभर उरली.

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मीटर रस्ता मोजत नाही, मीटर चाकाचे फेरे मोजतं! मोठं चाक एका फेऱ्यात जास्ती वाट कापतं, म्हणून मीटरवर कमी पडतं. गाडी कमी पळतच नव्हती. संध्याकाळी कांडी बुडवली तर चांगली चार-साडेचार बोटं उतरली होती. चिखल नाही, सावंगी नाही, सगळं डांबर, आणि चालवणारा खुद्द धर्मराज. संपतनं थेंबभर डिझेल घेतलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याच संध्याकाळी जाऊन पाय का नाही धरले? अहो, चाकाचं सांगता आलं असतं. मीटर खोटं बोललं, मी फसलो, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण "तुम्हा लोकांचं" हे काही मीटर बोललं नव्हतं. ते त्याच्याच तोंडून निघालं होतं, आणि त्याला कसली दोरी लावून मोजायचं? रोज संध्याकाळी तो ठरवून यायचा, आज बोलतोच. रोज जॅक लावायचा, चाक उचलायचा, समोर संपतचं पिकायला लागलेलं डोकं बघायचा आणि शब्द गिळून घरी जायचा. आपण किती नेभळट, असं वाटून त्याला स्वतःचीच शिसारी यायची. पण खरं सांगायचं तर दिवसभरात तो वाट कशाची बघत असेल, तर त्या चाकं बदलण्याचीच. तेवढाच वेळ संपत हाताच्या अंतरावर असायचा.

शहाण्णवच्या हिवाळ्यात सावंगीचा रस्ता डांबरी झाला. खडी पडली, रोलर फिरला, काळं काळं डांबर चकाकायला लागलं. लोकांनी नारळ फोडले. संपत त्या रस्त्यानं खेपा करून आला, दोघांनी मिळून त्याची चाकं काढली, धर्मराजची चढवली. शेवटचा नट आवळून झाल्यावर संपत उभा राहिला आणि जॅककडं बघत म्हणाला, "उद्यापासून तुझीच चाकं राहू दे. डांबर झालं आता. जड चाकं लावून उगं डिझेलचा खर्चा कशाला? किल्ली रखमाजीकडं ठेवत जा, मी सकाळी घेईन."

तीन वर्षांत एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदा बोलला, आणि नेमकं हे!

संपत म्हणत होता ते बराबरच होतं. धर्मराज पहिल्या दिवसापासून हेच तर म्हणत होता, हलकी चाकं लाव, ॲव्हरेज मिळेल. आता मिळणार होतं ॲव्हरेज. आणि संपत आता कधीच दिसणार नव्हता. एकाच जीपचे दोन मालक, आणि किल्ली तिसऱ्याच्या गल्ल्यात.

दुसऱ्या दिवशी त्याचं खेपांत लक्षच नव्हतं. दुपारीच त्यानं जाफराबादची खेप सोडली, हॉटेलामागच्या खोलीतून संपतची चारही चाकं काढून जीपमध्ये टाकली आणि ओढा ओलांडून विहाराशेजारी गाडी उभी केली. दारात संपतची बायको कौसल्या कापूस निवडत होती. ती चपापून उठली.

"भाऊजी? तुम्ही?" आणि आत वळून, "अहो, बाहेर या. धर्माभाऊजी आल्यात."

संपत बाहेर आला, जीपमधली चाकं बघितली, धर्मराजकडं बघितलं.

"संपत, चुकलं माझं," धर्मराज म्हणाला. शब्द निघाले एकदाचे. "तू काई घेतलं न्हाई. मला माहीत झाल्तं कवाच. अन् मी जे बोल्लो..."

"थांब." संपतनं हात वर केला. "तू हितं बोल्ला व्हतास का?"

"न्हाई."

"मंग हितं काहून सांगून राह्यला? ही बिचारी ऐकून काय करंल? जिथं बोल्लास तिथं बोल."

हे म्हणणं चुकीचं होतं असं कोण म्हणेल? धर्मराजनं मान हलवली. संपत चपला घालून शेजारच्या सीटवर येऊन बसला. स्टँडपर्यंत नुसती मागं चाकं आदळत होती.

स्टँडवर तीच गर्दी. रखमाजी कढईपुढं, अप्पाराव आपल्या जीपला टेकून. धर्मराज खाली उतरला. आता मागं फिरायला जागाच नव्हती.

"ऐका जरा सगळे," तो म्हणाला. "तीन वर्सामागं मी हितं उभा राहून संपतला चोर म्हणलो. ते खोटं व्हतं. त्याची चाकं मोठी हायेत म्हणून मीटर कमी पडायचं, अन् जड हायेत म्हणून डिझेल जास्ती जायचं. त्याच चाकांवर मी जाफराबादला गेल्तो, तवा कळलं मला. दीड वर्स झालं कळून, तरी मी गप राह्यलो. अन् 'तुम्हा लोकांचं' म्हणलो, ते तर डिझेलापेक्षा वाईट. त्यात मीटरची काई चूक न्हाई. ते माझ्या पोटात व्हतं म्हणून व्हटावर आलं. संपत, माझं चुकलं."

रखमाजीची भजी करपली, पण त्यानं झारा हलवला नाही.

संपतनं "जाऊ दे" म्हटलं नाही. गळ्यात पडला नाही. तो जीपच्या मागं गेला, एक जड चाक ओढून खाली टाकलं आणि गडगडत पुढं आणलं.

"जॅक लाव," तो म्हणाला.

धर्मराज तसाच खाली बसला. अप्पारावला राहवलं नाही. "अहो दाजी, सावंगीला डांबर झालं ना? आता ही चाकं कशाला? फुकट डिझेल जाळता का?"

"जळू दे," धर्मराज म्हणाला. "मोजायचं न्हाई मला."

पहिलं चाक झालं, दुसरं झालं. माणसं हळूहळू पांगली. नटाला भोक जुळेना, म्हणून दोघांनी चाक गुडघ्यावर घेतलं आणि थोडं फिरवलं. तेव्हा संपत, नटाकडंच बघत, सहज विचारावं तसं म्हणाला, "कापूस येचून झाला का तुझा?"

एवढंच. गावात रोज कुणीही कुणालाही विचारतं, तसं. धर्मराजला उत्तर द्यायचं होतं, की न्हाई, वरचं वावर राह्यलंय अजून. पण चाकावर डोकं टेकवून तो हमसून हमसून रडायला लागला, आणि संपत पाना हातात धरून, तो शांत होईपर्यंत थांबून राहिला.